सालाचं काय सुटतं

हिलाल पुना पाटील आमच्या जळगावच्या कॉलेजात वाणिज्य शिकवायला आला, तेव्हा त्याच्या सेवापुस्तकाचं पहिलं पान मीच भरलं. प्राध्यापक वर्गात काय बोलतो ते पोरांना माहीत असतं. अर्जात काय लिहितो ते हेडक्लार्कला. हिलालच्या अर्जांत विषय एकच. जून १९८६: पीएच.डी.साठी नोंदणी करायला परवानगी मिळावी. पुढे आठ वर्षं त्याच विषयाची बाळंतपणं. सर्वेक्षणासाठी रजा, मार्गदर्शकांना भेटायला धुळ्याला जायची रजा, सहामाही प्रगती अहवालावर प्राचार्यांची सही, मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ. त्याच्या फाईलला मला दोन नाड्या बांधाव्या लागल्या.

विषय होता रावेर तालुक्यातल्या केळीबागांत गुंतवलेल्या भांडवलावरचा परतावा. म्हणजे केळीत शंभर रुपये घातले तर वर्षाला किती सुटतात. रावेरच्या स्टँडवर चहा पिणारा कुणीही हे सांगेल, फक्त त्याला कुणी डॉक्टर म्हणत नाही.

हिलाल मूळचा शिंदखेड्याकडचा, धुळे जिल्ह्यातला. तिकडे बाजरी आणि भुईमूग. पावसाळ्यात पेरायचं, दिवाळीच्या आसपास घरात आणायचं, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पेरायचं. केळीचा खांब त्याने नोकरीला इथे आल्यावर मेहरूणच्या मळ्यात पहिल्यांदा हात लावून पाहिला. विषय त्याने निवडलाच नव्हता. धुळ्याचे रतिलालसर, त्याचे मार्गदर्शक, म्हणाले होते, "कापसावर चौघांनी केलंय. केळी मोकळी आहे, धरा." याने धरली.

एक गोष्ट मात्र त्याची स्वतःची होती. प्रश्नावलीत छापलं होतं 'वार्षिक निव्वळ उत्पन्न'. पहिल्या दोन-चार शेतकऱ्यांनी ते ऐकून नुसत्या माना हलवल्या. मग हिलालने ठरवलं की आपण खेड्यातले, खेड्याच्या बोलीत विचारू. तेव्हापासून तो विचारायचा, "आबा, सालाचं काय सुटतं?" लगेच उत्तर मिळायचं. स्टाफरूममध्ये तो हे मोठ्या तोऱ्यात सांगायचा. "पुण्याचा माणूस असता तर अजून 'वार्षिक' 'वार्षिक' करत बसला असता!" चार वर्षांत, उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्ट्यांत, सायकलने आणि ट्रॅक्टरवर बसून त्याने तीनशे बारा घरं केली. मी रजेचा हिशेब ठेवायचो, म्हणून सांगतो: एकही दिवस खोटा नव्हता. आमच्याकडे असं दुसरं उदाहरण नाही.

घरी सुनंदाबाई, त्याची बायको, कंटाळलेली. एकदा पगाराच्या कागदावर त्याची सही घ्यायला मी घरी गेलो तर माझ्यासमोरच म्हणाली, "तुम्हनं पुस्तक कव्हय सरी? आमन्या लगीनले इतला येळ लागता तर मी म्हातारी व्हयी जाती." हिलाल हसला. तेव्हा तो हसायचा.

शेवटची मुदत होती ३१ मार्च १९९४. त्यानंतर नोंदणी रद्द. आमच्या कॉलेजात प्रपाठकाची एकच जागा मंजूर झाली होती आणि तिला पीएच.डी. हवी होती. थोडक्यात, त्या तारखेच्या अलीकडे हिलाल प्रपाठक आणि पलीकडे आठ वर्षं रजा खाल्लेला माणूस.

जानेवारीत तो कोष्टकांचा गठ्ठा घेऊन माझ्या टेबलाशी आला. "पंडितभाऊ, बेरजा तपासून द्या. टाईप व्हायच्या आधी."

बेरजांना मी नाही म्हणत नाही. दोन दिवसांत सगळं तपासलं. एक पैसाही इकडचा तिकडे नव्हता. शेवटी ठळक आकडा: सरासरी वार्षिक परतावा एकतीस पूर्णांक चार टक्के. फक्त कोष्टकात एकशे सत्तराव्या ओळीवर माझ्या सख्ख्या भावाचं नाव होतं, भाईदासचं. पुढचा आकडा वाचून मला हसू आलं.

"सर, भाईदासला वर्षाला इतके सुटत असतील तर त्यानं इतकी वर्षं मला फसवलंय."

"त्यांनीच सांगितलंय भाऊ. मी लिहून घेतलंय."

"तुम्ही काय विचारलं?"

"सालाचं काय सुटतं."

मी रावेरकडचा. तोंडावरचं हसू तसंच राहिलं. म्हटलं, "सर, आमच्याकडे केळीचं साल कितीचं, ते ठाऊक आहे ना?"

वर्ष बारा महिन्यांचं असतं, हे कुणी विचारायची गोष्ट आहे का, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

रविवारी आम्ही दोघं रावेरला गेलो. उखर्डू आबा चौधरी हे त्याच्या यादीतलं पहिलं नाव. आबा पॅकिंगच्या शेडमध्ये घड मोजत उभे होते. हिलालने पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि मग दबक्या आवाजात, "आबा, साल म्हणजे?"

"साल म्हंजे बाग," आबा म्हणाले. "लावली तधी सुरू, कापून झाली तधी सरलं. अठरा महिने लागतात. कधी वीसबी."

"मग तुम्ही तेव्हा सांगितलं नाही?"

"तुम्ही इचारलं साल, मी सांगलं साल. तुमच्याकडे येगळं असतं का?" आबा आपल्या माणसांकडे वळून हसले. "सरांचं साल बाराच महिन्याचं हाये रे! मंग तं सर आपल्याआधी म्हातारे होतीन!"

शेडमध्ये हशा पिकला. हिलालही हसण्यासारखं काहीतरी करायला गेला, पण ते जमलं नाही.

मला वाटलं होतं, दुरुस्ती सोपी आहे. अठराचे बारा करायचे. सगळ्या आकड्यांना दीडने भागलं की झालं. परतीच्या एसटीत मी तसं म्हटलंही. तो म्हणाला, "पिलबागेचं काय?" पहिली बाग कापल्यावर त्याच बुडाच्या पिलांवर जी दुसरी बाग येते, तिचं साल वर्षाच्या आसपास भरतं. कुणी नव्या बागेचं सांगितलं, कुणी पिलबागेचं. आणि बँकेत जाणारी शिकलेली पोरं बारा महिन्यांचंच बोलली असणार. कोण कोणत्या सालाचं बोललं याची नोंद तीनशे बारापैकी एकाही कागदावर नव्हती.

भुसावळच्या स्टँडवर तो आपल्या बोलीत पुटपुटला, "बठ्ठं वाया गयं, भाऊ."

फेब्रुवारीत त्याने उरलेली सगळी रजा टाकली आणि पुन्हा घरोघर फिरला. महिनाभरात एकोणचाळीस घरं झाली. बाकीच्यांत कुणी वारलं होतं, कुणी बाग मोडून कापूस लावला होता, कुणी म्हणालं, सहा वर्षांपूर्वी काय बोललो ते देवाला विचारा. शेवटी तो धुळ्याला गेला. मला सोबत चला म्हणाला, कारण त्याला एकट्याने रतिलालसरांसमोर उभं राहायचं नव्हतं.

सर ओसरीत सुपारी कातरत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "पाटील, आकडा चुकला तर माणूस मरत नाही. मुदत चुकली तर नोंदणी मरते."

"पण सर, ते खरं नाही."

"परीक्षक केळी खाणारे आहेत, लावणारे नाहीत. कुणाला कळतंय?"

"मला कळलंय ना."

सरांनी अडकित्ता खाली ठेवला. "मे महिन्यात मी निवृत्त होतोय. नवा मार्गदर्शक, नवी नोंदणी, नवी आठ वर्षं. करणार आहात?" मग सरच मऊ झाले. "बरं. शेवटी एक पान जोडा. काय झालं ते लिहा. तुमचं मन मोकळं आणि मुदतही सांभाळली."

हे पान त्याने चार दिवस लिहिलं. मी वाचलं आहे. माझ्या नोकरीत मी वाचलेला सगळ्यांत स्वच्छ कागद तो. साल या शब्दाचे अर्थ किती, चूक कुणाची (माझी, असं लिहिलं होतं, शेतकऱ्यांची नाही), आणि एकतीस पूर्णांक चार या आकड्यावर कुणीही विसंबू नये, का, ते. ३० मार्चला पाच बांधीव प्रती विद्यापीठात जमा झाल्या. पोचपावती त्याने मला दाखवली, तेव्हा कित्येक आठवड्यांनी त्याचा चेहरा माणसासारखा दिसला.

परीक्षकांचे अहवाल दिवाळीनंतर आले, सोबत पाचही प्रती परत. एका परीक्षकांनी प्रबंधाची वाखाणणी केली होती. दुसऱ्यांनीही केली, फक्त खाली एक कलम होतं: 'अखेरचे पान निष्कर्षांविषयी विनाकारण संशय उत्पन्न करते. ते वगळून प्रती पुन्हा सादर केल्यास पदवीची शिफारस करतो. मुदत तीस दिवस.'

हिलालने ते कलम माझ्या टेबलाशी उभं राहून तीनदा वाचलं. "संशय उत्पन्न करण्यासाठीच तर लिहिलंय."

"काढू नका मग."

"आणि?"

प्रपाठकाच्या जागेची जाहिरात त्याच आठवड्यात निघणार होती. मसुदा माझ्याच खणात होता. हे मी त्याला सांगायला नको होतं. सांगितलं.

एकोणतीस दिवस त्याने काही केलं नाही. तिसाव्या दिवशी सकाळी आम्ही बाइंडरकडे गेलो. बाइंडर म्हणाला, नुसतं पान काढून भागायचं नाही, अनुक्रमणिकेत त्याचं नाव आहे, ते पानही बदलावं लागेल. बदललं. पाचही प्रतींतून पान कापलं तेव्हा हिलाल दुकानाबाहेर उभा होता. पानं मी घडी घालून खिशात ठेवली. त्याने मागितली नाहीत.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी केळीच्या भावाबद्दल दोन प्रश्न विचारले आणि एक आपल्या जळगावच्या भरिताबद्दल. सुनंदाबाईने पेढे वाटले. मी सेवापुस्तकात नोंद केली, पुढच्या जूनमध्ये पगारवाढ लावली. दारावर 'डॉ. हि. पु. पाटील, प्रपाठक' अशी पाटी लागली. तिच्या बिलावर सही करताना त्याने विचारलं, "'डॉ.' नसलेली मिळत नाही का?" मला ती थट्टा वाटली.

मग बोलावणी सुरू झाली. चोपड्याला सोसायटीच्या सचिवांचं शिबिर होतं. तिथे आकडा सांगायच्या वेळी तो घुटमळला, पाणी प्यायला आणि मग 'साधारण तीसच्या आसपास' म्हणाला. दुसऱ्या वेळी फैजपूरला बँकेच्या लोकांसमोर त्याने आकडा कागदावरून वाचला, वर न पाहता. तिसरं रावेरलाच. मीही गेलो होतो, माझ्याच गावाकडे जायचं म्हणून. पुढच्या रांगांत केळीवाले बसले होते, पायजम्यांवर चिकाचे डाग. हिलाल कागद न घेता उभा राहिला. आवाज स्वच्छ, खणखणीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या मालाचा एवढा परतावा ऐकून कुणाला वाईट वाटतं?

परत येताना एसटीत मी हळूच विचारलं, "एकतीस?"

"एकतीस पूर्णांक चार," तो म्हणाला आणि तिकिटासाठी सुटे पैसे काढू लागला.