दोन दिवस थांबा

गुरुवारी सकाळी, पाहुणे यायच्या तासभर आधी, ओढ्याकडेच्या किंदळाच्या झाडाखाली गुणाला मेलेलं माकड दिसलं. अंगावर जखम नव्हती. कुत्र्यानं ओढलेलंही दिसत नव्हतं. नाकाशी वाळलेलं रक्त तेवढं होतं. गुणा जागच्या जागी थांबला आणि आला तसा, पावलावर पाऊल ठेवत मागं फिरला.

सात वर्षं तो डॉक्टर सुमंगलांच्या हाताखाली काम करत होता. त्या घाटावरच्या एका विद्यापीठात शिकवायच्या आणि थंडी सरली की कुळगी गावाच्या पुढं, गुणाच्या वाड्याजवळ, म्हणजे रानातल्या त्याच्या वस्तीजवळ येऊन राहायच्या. गुणाचं काम म्हणजे पांढरं कापड पाचोळ्यावरून ओढत न्यायचं आणि त्याला चिकटलेल्या गोचड्या चिमट्यानं उचलून बाटलीत भरायच्या. माकडताप या गोचड्यांतून माणसात येतो. माकड मेलं, अंग गार पडलं, की त्या उतरतात आणि आजूबाजूच्या पाल्यात पसरतात. अशी जागा दिसली की त्याच दिवशी आरोग्य खात्याला कळवायचं, रान बंद करायचं आणि वाड्यावर प्रत्येकाला सांगायचं, हे त्याला पाठ होतं.

त्यानं सुमंगलाबाईंना गाठलं. "म्याडम, वड्याकडं माकाड मेलंय. ताजं हाय."

बाईंचा चेहरा उतरला. "गुणाण्णा, आज?"

त्यांची अडचण त्याला ठाऊक होती. प्रयोगशाळेत त्यांनी अशा गोचड्या वाढवल्या होत्या की ज्यांच्या पोटातला एक जंतू तापाचा विषाणू वाढूच देत नाही. त्या रानात सोडायच्या, म्हणजे हळूहळू सगळ्या गोचड्या निर्धोक होतील, असा त्यांचा कयास. सरकारी समित्यांनी पैशासाठीचा अर्ज तीनदा परत पाठवला होता. एकदा सोडलेलं परत गोळा करता येत नाही, असं समित्यांचं म्हणणं. आता बंगळूरचं एक खासगी प्रतिष्ठान तेवढं उरलं होतं. इतर घाबरतात अशाच संशोधनाला ते पैसा देत. त्यांचा माणूस आज रान बघायला येत होता.

"संध्याकाळी कळवू," बाई म्हणाल्या. "आत्ता कळवलं तर रान बंद होईल आणि ते गेटवरूनच परत जातील. एका दिवसानं काय होतंय? आपण पलीकडच्या वाटेनं नेऊ."

गुणा "बरं" म्हणाला. पण आधी घरी जाऊन त्यानं बायकोला, रुक्मिणीला सांगितलं, "आज रानात जाऊ नगं. पोरास्नी बी सोडू नगं."

"का वो?"

"इचारू नगं."

शेजारच्या घरात त्याची विधवा वहिनी, बाळी, विळा घासत होती. गुणा तिच्या दारावरून गेला. थांबला नाही.

प्रतिष्ठानाचा माणूस, विनायक, मूळचा बेळगावकडचा निघाला. मऊ बोलायचा. कापड कसं ओढतात ते त्यानं पाहिलं, बाटली उन्हात धरून पाहिली आणि मराठीत विचारलं, "गुणा, यंदा मेलेली माकडं दिसली का?"

गुणानं बाईंकडं पाहिलं. "न्हाई साहेब."

"एकही नाही?"

"न्हाई."

विनायकनं बाटली खाली ठेवली. "मग अवघड आहे, मॅडम. इथं तापच नसेल, तर तो थांबला हे तुम्ही दाखवणार कसं? आमचे लोक पहिला प्रश्न हाच विचारतील."

बाईंनी बाटली उचलून पिशवीत टाकली. गुणाला वाटलं, संपलं. गाडी परत जाईल, बाई परत जातील, आणि संध्याकाळी तो रूपालीला, वाड्यावरच्या आशा आरोग्यसेविकेला, सगळं सांगून मोकळा होईल.

"एक आहे," बाई म्हणाल्या. "सकाळीच सापडलंय. दाखवते."

ते ओढ्याकडं गेले. गोचड्या चढू नयेत म्हणून गुणानं सगळ्यांच्या हातापायांना औषधी तेल चोळलं आणि पँटचे पाय मोज्यांत खोचायला लावले. लांबूनच विनायकनं माकड पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, किळसही नव्हती; हवी ती वस्तू दुकानात दिसावी तसा तो खुलला होता.

"कळवलंय का कुणाला?"

"संध्याकाळी कळवणार आहे."

"दोन दिवस थांबा. शनिवारी आमचा कॅमेरावाला येतोय. ही जागा अशीच असू दे. आमच्या संचालक मंडळाच्या बैठकीत हे एक चित्र पुरे होईल."

बाईंनी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते गुणाला कळलं नाही. पण संध्याकाळी त्यांनी कुणालाही फोन केला नाही.

शुक्रवारी दुपारी गुणा वाटेवर उभा होता. ओढ्याकडून बाळी येत होती, डोक्यावर गोठ्यात अंथरायच्या पाल्याचा भारा, पाय उघडे.

"वैनी, कुठनं आणलास पाला?"

"किंदळाखालनं. लई साचलाय बघा, भावजी. तुमच्या घरची कोण फिरकलंच न्हाई न्हवं, म्हणून मलाच गावला."

गुणानं भारा तिच्या डोक्यावरून ओढून काढला आणि तिथंच पेटवून दिला. ती ओरडत राहिली. त्यानं तिला गरम पाण्यानं आंघोळ करायला लावली, लुगडं उकळायला लावलं. का, ते मात्र तरीही सांगितलं नाही. शनिवारी कॅमेरावाला येऊन गेला आणि मगच खात्याला कळवलं गेलं.

सहाव्या दिवशी बाळीला ताप भरला. डोकं फुटतंय म्हणून ती भिंतीवर कपाळ आपटत होती. रूपालीनं रुग्णवाहिका बोलावली आणि अंगणात उभ्या लोकांना विचारलं, "ही त्या माकडाजवळ गेली कधी? शनिवारपासून रान बंद हाय न्हवं?"

"शुक्रवारी," गुणा म्हणाला. "माकाड मी गुरुवारीच बघितलं हुतं. रुक्मिणीला तेवढं सांगितलं. हिला न्हाई."

रुक्मिणीनं पदर तोंडावर घेतला.

बाळी जगली. अठरा दिवसांनी घरी आली तेव्हा तिचे हात थरथरत होते आणि ताप पुन्हा उलटू शकतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रुक्मिणीच्या हातची पेज ती घ्यायची. गुणा आत आला की भिंतीकडं तोंड करायची.

बाई भेटायला आल्या, त्या प्रतिष्ठानाचं मंजुरीपत्र येऊन आठवडा झाल्यावर. बाळीच्या दारात जरा वेळ थांबून त्या गुणाच्या अंगणात आल्या. डोळे सुजलेले होते.

"माझं चुकलं, गुणाण्णा. पण आता पैसा मिळालाय. पावसाळा सरला की गोचड्या सोडायच्या. हे साधलं तर पुन्हा कुणाच्या घरी असं होणार नाही."

"आन न्हाई साधलं तर?"

"तर काय होईल ते मलाही माहीत नाही."

"पैसं देनाऱ्यास्नी म्हाईत हाय?"

"त्यांनी ते विचारलं नाही."

गुणानं पांढरं कापड, चिमटा आणि उरलेल्या बाटल्या आणून त्यांच्यापुढं ठेवल्या. "मी येणार न्हाई, म्याडम."

मार्गशीर्षात गणेशगुडीच्या रस्त्यानं प्रयोगशाळेतल्या गोचड्यांच्या बंद डब्यांची गाडी आली. बाईंनी दुसऱ्या वाड्यावरचा झिलू नावाचा गडी कामाला घेतला होता. रान उघडलेलं होतं. तेल लावून बायका पाल्याला निघाल्या होत्या. गुणा रस्त्यात आडवा झाला आणि एकेकीला नावानं हाक मारून परत फिरा म्हणू लागला. काहीजणी फिरल्या. बाकीच्या त्याला वळसा घालून पुढं गेल्या.