नादखुंट आणि चार डेसिबल

विश्वाची उत्पत्ती नादातून झाली. तो मूळ नाद सध्या मोशीत, एका नव्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये, दर रविवारी सकाळी अकरा वाजता ऐकायला मिळतो. चपला बाहेर काढायच्या, मोबाइल बंद करायचा आणि टेबल टेनिसच्या टेबलाला टेकायचं नाही, कारण ते सोसायटीचं आहे.

त्या रविवारी साठेक माणसं जमली होती. आयटीवाले, कंपनीतून निवृत्त झालेले, जमिनी विकून बंगले बांधलेले. समोर माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर आणि त्यांच्यामध्ये सुजित सर. भर मे महिन्यात काळं जॅकेट.

"मी बाबा नाही, बुवा नाही," सर म्हणाले. "मी इंजिनिअर आहे. माझ्यावर श्रद्धा ठेवू नका. कानावर ठेवा."

तिसऱ्या रांगेत बसलेल्या नेहानं शेजारी वडिलांकडे पाहिलं. अण्णा मान डोलवत होते.

हे बघवत नव्हतं. बुद्धभूषण ऊर्फ अण्णा म्हणजे थेरगावात ताईत विकणाऱ्याला जिन्यावरून परत पाठवणारा माणूस. शेजारच्या चाळीत एकाच्या अंगात आलं, तेव्हा अण्णांनी त्याला शांतपणे कंपनीतला टोकन नंबर आणि शिफ्ट विचारली होती. त्यानं दोन्ही बरोबर सांगितलं आणि मग त्याचं त्यालाच घुमणं अवघड झालं. घरात देव्हारा नाही, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. भगव्यातला कुणीही अण्णांना उंबरा ओलांडून फसवू शकला नसता. जॅकेटमधला येईल, याची तयारी मात्र कुणीच केली नव्हती.

"तुमच्या स्पीकरची वायर फरशीला टेकलेली असते," सर सांगत होते. "नाद फरशीत उतरतो. म्हणजे तुमचा अर्धा आवाज खालच्या मजल्यावरचे फुकट ऐकताहेत!"

लोक हसले. खालच्या मजल्यावरच्यांबद्दल सगळ्यांचीच काही ना काही तक्रार होती.

"त्यावर उपाय, नादखुंट." सरांनी काळ्या लाकडाचे आठ ठोकळे दाखवले. प्रत्येकाला वरून एक खाच. "हे लाकूड तीन वर्षं सतारीशेजारी ठेवलेलं आहे. वायर यावर उचलून ठेवली की नाद मोकळा होतो. आधी ऐका."

गाणं वाजलं. मग सरांनी एकेक ठोकळा वायरीखाली सरकवला, मागे सरले, एक हात छातीवर ठेवला, दुसरा जॅकेटच्या खिशात घातला आणि डोळे मिटले. तेच गाणं पुन्हा सुरू झालं. या वेळी ते खरोखर जवळ आलं, भरलेलं वाटलं.

"ज्यांना फरक जाणवला त्यांनी हात वर करा. ज्यांना नाही जाणवला त्यांनी वाईट वाटून घेऊ नका. त्यांचा कान अजून तयार नाही."

साठच्या साठ हात वर गेले.

"पार कपाळात वाजलं!" पुढच्या रांगेतून दादासाहेब ओरडले. ते मोशीतलेच, जुन्या घरचे. गेल्याच महिन्यात त्यांनी स्पीकरची जोडी घेतली होती. "ताई, तुमाला सांगतो, लावल्यापासनं आमची म्हैस सुदिक शांत हाय."

"म्हैस कुठे असते?" नेहानं विचारलं.

"बंगल्यामागं, गोठ्यात."

"आणि स्पीकर?"

"दुसऱ्या मजल्याव. खिडक्या बंद. एशी असतो ना."

म्हशीला उलटतपासणीत ओढण्यात अर्थ नव्हता.

मग सरांनी अण्णांची कॅसेट लावली. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी कामगार वस्तीतल्या भीमजयंतीला त्यांच्या गायन पार्टीचं झालेलं ध्वनिमुद्रण. पेटी, ढोलकी, कोरस आणि मंजिरी. मंजिरी, म्हणजे छोटे टाळ, अण्णा वाजवायचे. ठोकळ्यांशिवाय वाजलं तेव्हा अण्णा नुसते बसून होते. ठोकळे लागले, सरांचा हात खिशात गेला आणि अण्णा खुर्चीतून उठले.

"मंजिरी!" ते म्हणाले. "नेहा, मंजिरी ऐकू येतेय! दहा वर्षं गायब होती गं."

त्यांचे डोळे भरले होते. नेहाचेही भरले असते, पण तिला भयंकर राग आला होता.

अण्णांनी आयुष्य कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या यंत्रांमध्ये काढलं होतं. पत्र्यावर घण पडावा तसा आवाज, दिवसभर, आणि कानात कापसाचा बोळा. पातळ, वरच्या पट्टीतले आवाज आधी गेले. मग नातीचं बोलणं गेलं. मागच्या महिन्यात डांगे चौकात बस त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली होती. ड्रायव्हर म्हणाला, तीनदा हॉर्न दिला. अण्णा म्हणाले, खोटं बोलतोस. नेहा चाकणला हॉर्न बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला होती. गाड्यांचे हॉर्न पुरेसे मोठे वाजतात की नाही, हे तपासण्यावर तिचं घर चालायचं, आणि तिच्याच वडिलांना हॉर्न ऐकू येत नव्हता. कानाच्या तपासणीची वेळ तिनं तीनदा घेतली होती. अण्णांनी तीनदा मोडली.

"मंगळवारची चौथी आहे," स्कूटरवरून परतताना ती ओरडून म्हणाली.

"कशाला? सरांनी सांगितलं ना, कान ठणठणीत आहे. घरातला स्पीकर मेलेला आहे. एफडी मोडतो आणि जोडी घेतो."

"आणि बस आली तर? डांगे चौकात स्पीकर नेणार का?"

"काय?"

"काही नाही!"

आठवडाभर ती समजावत राहिली. वायर जमिनीवर असो नाहीतर छताला टांगलेली असो, आवाजाला फरक पडत नाही, हे तिनं कागदावर काढून दाखवलं. अण्णांनी कागद नीट पाहिला आणि म्हणाले, "तुझा कान अजून तयार नाही." मंगळवारची वेळ गेली. डॉक्टरांच्या मदतनीसानं पुढच्या मंगळवारची दिली, तीही सुस्कारा टाकून.

पुढच्या रविवारी नेहा कंपनीतला आवाज मोजायचा मीटर घेऊन आली. त्यासाठी गेट पासवर तीन सह्या लागल्या आणि ‘कारण’ या रकान्यात तिनं लिहिलं : वडील.

पर्समधला मीटर कुणाला दिसला नाही. ठोकळ्यांआधी : बहात्तर. ठोकळ्यांनंतर, हात खिशात गेल्यावर : शहात्तर. गाणं तेच. ठोकळे काढले : बहात्तर.

ती उभी राहिली. "सर, एक चाचणी करू या का? मध्ये पडदा लावू. पडद्यामागे दादासाहेब कधी ठोकळे ठेवतील, कधी नाही. समोर बसलेल्यानं फक्त ओळखायचं. दहा वेळा."

"मॅडम, शंकेनं नाद आकसतो."

"माझा नाही आकसत," अण्णा ताडकन उठले. "मी बसतो. सर, तुम्ही काळजी करू नका. हिला एकदा दाखवूनच देऊ."

नेहाला हेच हवं होतं. अण्णांच्या शॉपमध्ये जुनी रीत होती. सुपरवायझर आधी नाकारलेला पार्ट गुपचूप पुन्हा पेटीत टाकायचा आणि इन्स्पेक्टर तो दुसऱ्यांदा नाकारतो की पास करतो ते बघायचा. तपासणाऱ्याचीच तपासणी. अण्णाही इन्स्पेक्टर, पण या तपासणीला कधी घाबरले नव्हते. उलट तीत आपण कधी सापडलो नाही, हे त्यांनी जेवताना हजार वेळा सांगितलं होतं.

"एवढंच करा सर," नेहा म्हणाली, "खिशातला रिमोट मला द्या."

"कसला रिमोट?"

"असंल की दिऊन टाका ना सर," दादासाहेब म्हणाले. "नादाला रिमोट कशापायी लागतोय?"

साठ माणसं जॅकेटच्या खिशाकडे बघत होती. रिमोट निघाला. क्लब हाउसच्या खिडकीचा पडदा काढून दोन पोरांनी ताणून धरला.

अण्णांनी आपलीच कॅसेट नऊ वेळा कान देऊन ऐकली आणि नऊ वेळा छातीठोकपणे उत्तर दिलं. चार बरोबर, पाच चूक. नाणं उडवलं असतं तरी एवढंच जमलं असतं, आणि नाण्याला एफडी मोडावी लागली नसती. दहाव्या वेळी नेहानं दादासाहेबांना खूण केली. त्यांनी आठही ठोकळे उचलून काखेत धरले. वायर फरशीवर लोळत होती. नेहानं रिमोटचं एक बटण चार वेळा दाबलं.

"हां! मंजिरी!" अण्णा ओरडले. "आता ठोकळे आहेत! शपथेवर सांगतो!"

पडदा खाली आला. दादासाहेब आठ ठोकळे काखेत घेऊन उभे होते. मग दादासाहेबांनीच वाकून, ॲम्प्लिफायरवर चिकटवलेली काळी पट्टी ओढून काढली. प्रकाशानं नाद विचलित होतो म्हणून ती लावली होती. खाली आकडे चमकत होते.

"ह्यो तर व्हॉल्यूम हाय," दादासाहेब म्हणाले.

"चार डेसिबल," नेहा म्हणाली. "एवढंच. तेच गाणं थोडं मोठ्यानं वाजलं की आपल्याला ते मोठं वाटत नाही, चांगलं वाटतं. कान सगळ्यांचे असेच असतात, तयार असोत की नसोत. घरी स्पीकर घ्याल तेव्हा दोन्हींचा आवाज सारखा करा, कोणता वाजतोय ते झाका आणि मग ऐका. झाकल्यावरही फरक कळला तर खुशाल घ्या. खरी गोष्ट पडद्याआड गेल्यानं खोटी होत नाही. बाकी कंपनीत बोल्ट घेताना जेवढं तपासता, तेवढं तरी घरी तपासा."

सुजित सरांनी घसा साफ केला. "आज टेबल टेनिसच्या टेबलामुळे नाद परावर्तित होतोय," ते म्हणाले.

चारपाच जणांनी टेबलाकडे संशयानं पाहिलं. पुढच्या रविवारी टेबल बाहेर होतं आणि आत चाळीस माणसं होती.

परतताना अण्णा डांगे चौकाच्या सिग्नलला म्हणाले, "नाकारलेला पार्ट पास केला मी."

"अण्णा, मंजिरी आली ती खरंच आली. मोठं केलं म्हणून आली. तेच काम कानातलं यंत्र करतं, आणि ते बससाठीही करतं."

"काय?"

तिनं पुन्हा सांगितलं, अजून मोठ्यानं. शेजारच्या रिक्षावाल्यालाही पटलं.

मंगळवारी अण्णा तपासणीला गेले. दोन्ही कानांतले वरचे आवाज गेलेले, कारण प्रेस शॉप. महिन्याभरात यंत्रं आली. पहिल्या संध्याकाळी ते खिडकीशी उभे राहून नुसते हॉर्न ऐकत होते. मग त्यांनी जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये ती कॅसेट घातली. स्पीकर तळहाताएवढा, एक कोपरा फुटलेला. अण्णांनी पूर्ण गाणं ऐकलं, मागे नेलं, पुन्हा ऐकलं. नेहा दारात थांबली होती.

"येतेय का मंजिरी?"

"येतेय," अण्णा म्हणाले. "प्रत्येक कडव्यात मागे पडतेय."