स्वप्नातल्या पैशांचं भाडं

पुंगोल उपनगरातल्या त्या छोट्या ट्रेनला ड्रायव्हर नसतो. उल्काबाईंना सुरुवातीला भारी धास्ती वाटे. मग एकदा सवय झाली आणि त्या तिच्यात झोपूच लागल्या. दुपारची वेळ, डब्यात काळं कुत्रं नाही, बाहेर तांबड्या मातीचे ढीग आणि अर्ध्या उभ्या राहिलेल्या इमारती संथपणे मागे सरकताहेत. डोळा लागला की समोरच्या सीटवर प्रबोध येऊन बसायचा. कधी शाळेच्या पांढऱ्या शर्टात, कधी पर्थला जाताना घातलेल्या कोटात. नेहमी एकच विचारायचा, "आई, पैसे मिळाले ना?" आणि त्या म्हणायच्या, "मिळाले रे बाळा." मग जाग यायची. ट्रेन तोवर अख्खी चक्कर मारून पुन्हा तिथेच आलेली असायची.

आता खरं सांगायचं तर प्रबोधने पर्थहून एक दमडी पाठवली नव्हती. वडील श्रीनिवास आजारी पडले, त्यांचं औषधपाणी आणि ह्याचं शिक्षण दोन्हींसाठी उल्काबाईंनी स्वतःचा फ्लॅट विकला, मग श्रीनिवासही गेले. पोरगा तिकडेच राहिला. दिवाळीला फोन यायचा, हल्ली तोही येईनासा झाला. उल्काबाई आंग मो किओ वस्तीत सरकारी भाड्याच्या एका खोलीत राहायला आल्या. पण असलं कुणाला सांगतं का कुणी? झाकली मूठ सव्वा लाखाची!

मूठ झाकायला लागली ती मेधामुळे. मेधा बँकेतली, पुंगोलला राहणारी, सरळ मनाची मुलगी. उल्काबाई तिच्याकडे पोळ्या करायला जायच्या. एकदा तव्यावर पोळी फुगत असताना तिने सहज विचारलं, "मावशी, मुलगा काही पाठवतो का हो?" उल्काबाईंनी उचलली जीभ लावली टाळ्याला. "म्हणजे काय! दर महिन्याला चारशे डॉलर. नको म्हटलं तरी ऐकत नाही." मेधाचा चेहरा असा खुलला की बाईंनाच बरं वाटलं. खोटं बोलण्यात एवढं सुख असतं हे त्यांना साठी उलटल्यावर कळलं. पुढे त्या पैशांना पाय फुटले. प्रबोधला बढती मिळाली, त्याने अंगणात लिंबाचं झाड लावलं, तो आईच्या हातच्या आमटीची आठवण काढू लागला. सांगता सांगता ते सगळं दिसायलाच लागलं, त्याला त्या तरी काय करणार!

घरी ऐकायला आह लान होती. एकेकट्या दोघींना मिळून एक खोली देतात, तशी ही चिनी म्हातारी त्यांच्या वाट्याला आलेली. सत्तरी गाठलेली, हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, ताटल्या धुणारी. खोलीच्या मध्ये पडदा. अलीकडे गणपती, पलीकडे लाल देव्हारा आणि उदबत्त्या. दोघींची भाषा म्हणजे थोडी बाजारातली मलय, थोडं मोडकं इंग्रजी आणि बाकी हातवारे. संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये स्टुलं टाकून दोघी बसत. वर बांबूवर वाळत घातलेले कपडे हलत, लांबवर दिवे लागत, आणि उल्काबाई प्रबोधच्या गोष्टी सांगत. आह लान पाय चोळत ऐके आणि तिथल्या सवयीने वाक्याला 'लाह'ची शेपटी जोडून म्हणे, "गुड सन, लाह."

सगळं असं छान तरंगत चाललं होतं. आणि मग भाडेकरार नव्याने करायची वेळ आली.

त्या भाड्याचा हिशेब साधा आहे. खोलीत राहणाऱ्यांची कमाई एकत्र धरायची. ती एका रेषेच्या खाली असली तर भाडं अगदी कमी, रेषा ओलांडली की वरचं. पोळ्या आणि ताटल्या मिळून दोघी रेषेच्या बऱ्याच खाली होत्या. काळजीचं कारणच नव्हतं. पण मेधा म्हणाली, "मावशी, मी येते सोबत. तुम्हाला इंग्रजीची अडचण नको." नको कसं म्हणायचं? ती बिचारी बँकेतून सुट्टी काढून आली, आणि आह लानला घेऊन तिघी सरकारी घरांच्या ऑफिसात गेल्या.

काउंटरवरच्या मुलीने आह लानची कमाई विचारली, उल्काबाईंची विचारली, आणि मग विचारलं, "मुलांकडून काही येतं?"

उल्काबाई तोंड उघडणार तेवढ्यात मेधाच बोलली. "हो, मावशींचा मुलगा दर महिन्याला चारशे पाठवतो." आणि त्यांच्याकडे वळून मराठीत हळूच म्हणाली, "लपवायचं कशाला, नाही का? आपलं सगळं स्वच्छ असलेलं बरं."

अरे देवा! एक 'नाही' म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण ते 'नाही' मेधासमोर म्हणायचं होतं. म्हणजे पोरगा कसा निघाला ते सांगायचं होतं, आणि उद्या तिच्याच स्वयंपाकघरात तिचा कीव करणारा चेहरा बघायचा होता. उल्काबाई म्हणाल्या, "हो. पाठवतो."

मुलीने की-बोर्डवर बोटं चालवली आणि नवीन भाडं सांगितलं. दोघी रेषेच्या वर गेल्या होत्या. भाडं जवळजवळ दुप्पट! उल्काबाईंनी आह लानकडे पाहिलं. आह लानने एकदा त्यांच्याकडे, एकदा मेधाकडे पाहिलं, पुढे सरकून सही केली आणि म्हणाली, "सन गिव्ह, रेंट अप. करेक्ट, लाह."

दुसऱ्याच आठवड्यापासून आह लानने सकाळचीही पाळी धरली. उजाडायच्या आत रबरी बूट चढवून निघायची, ती दिवेलागणीला परत. पाय सुजून खांबासारखे झालेले. ती पडद्यापलीकडे कण्हायची, आणि अलीकडे उल्काबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. कॉरिडॉरमधली स्टुलं तशीच रिकामी राहू लागली.

मग स्वप्नंही बिघडली. ट्रेनमध्ये प्रबोध आला, "आई, पैसे मिळाले ना?" म्हणाला, आणि त्याच्या मागे आह लान दिसली. अख्ख्या डब्यात पाणी भरलेलं, त्यात ताटल्या तरंगताहेत आणि ती वाकून एकेक धुते आहे. ट्रेन फिरतेय, फिरतेय, कुठे थांबतच नाही. उल्काबाई ओरडल्या, "अगं, पुरे!" आणि जाग्या झाल्या. समोर एक बाई आपल्या लेकराला जवळ ओढून घेत त्यांच्याकडे बघत होती.

माझं स्वप्न, आणि भाडं तिने भरायचं? शरम वाटली त्यांना, मनापासून शरम वाटली. त्या मेधाच्या स्टेशनवर उतरल्याच नाहीत. तशाच उलट्या फिरल्या आणि थेट त्या ऑफिसात गेल्या.

तीच मुलगी होती. बाईंनी वाक्य मनात घोकून ठेवलं होतं, पण तोंडाशी आलं ते वेगळंच. "माय सन," त्या म्हणाल्या, "नथिंग गिव्ह. नेव्हर." एवढं म्हणून त्या काउंटरची कड धरून उभ्या राहिल्या. मुलीने पाण्याचा ग्लास पुढे केला, एका कागदावर तसं लिहून सही घेतली आणि चौकशीनंतर भाडं पुन्हा खाली येईल असं सांगितलं. कीव केलीच असेल तर ती चेहऱ्यावर दिसली नाही. मेधाला काय सांगायचं ते पुढचं पुढे बघू, असं म्हणत बाई जिना उतरल्या.

काही आठवड्यांनी भाडं उतरल्याचं कळलं. त्या संध्याकाळी उल्काबाईंनीच दोन्ही स्टुलं बाहेर काढली. कोमट पाण्याचं घमेलं आणलं, आह लानचे पाय त्यात ठेवले आणि म्हणाल्या, "उद्यापासून सकाळची पाळी बंद. भाडं कमी झालं."

"का?" आह लानने विचारलं.

उल्काबाई पाण्याकडे बघत म्हणाल्या, "प्रबोध काही पाठवत नाही. कधीच पाठवत नव्हता. मी खोटं बोलत होते."

"आय नो, लाह."

बाईंनी मान वर केली. "माहीत होतं?"

"एकच तर खोली आहे," आह लान आपल्या मोडक्या भाषेत म्हणाली. "पोस्टमन येत नाही, फोन वाजत नाही. कसं नाही कळणार?"

"मग तिथे बोलली का नाहीस गं बाई? एवढ्या ताटल्या कशाला घासल्यास?"

आह लानने पाण्यातली बोटं हलवली. मग म्हणाली, "मला मूल झालं नाही. रोज इथे बसून तू त्याचं सांगायचीस. तो लिंबाचं झाड लावतो, आमटी मागतो. मी पण ऐकायचे ना? अर्धं भाडं मी भरते. मग अर्धा मुलगा माझा, लाह."

उल्काबाईंना हसू आलं की रडू, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. त्यांनी आह लानचा सुजलेला पाय मांडीवर घेतला आणि पदराने पुसू लागल्या. खाली बस थांबली, माणसं उतरली, पांगली.

"आता खरा कसा आहे ते सांग," आह लान म्हणाली.

"खरा?" उल्काबाईंनी नाक पुसलं. "लहानपणी फार रडका होता मेला." आणि त्या सांगू लागल्या.