माहेर कशात उघडतं

सिंधुबाईच्या डोक्यावरचा पदर सांगवीत कुणी कधी ढळलेला पाहिला नव्हता. बाई माहेरी गेली की पदर खांद्यावर येतो, ही आपल्याकडची रीत. पण सिंधुबाईला माहेरच उरलं नव्हतं. लग्न होऊन ती सांगवीला आली आणि मागोमाग उजनी धरणाच्या पाण्यानं तिचं गाव पोटात घेतलं. भाऊ नव्या वसाहतीत राहायला गेला. तिथं ती पाहुणीसारखी जाऊन यायची, पण पदर काही खाली आला नाही.

आता नात निकिताचं लग्न ठरलं होतं. पहिल्या अक्षता माहेरच्या मारुतीला, हा सिंधुबाईचा हट्ट. आजवर घरातल्या प्रत्येक लग्नात तिनं भिगवणच्या काठावरून अक्षता पाण्यात टाकल्या आणि दर वेळी मन खात राहिलं, की देव कुठं आणि आपण टाकतोय कुठं. या खेपेला भाच्यानं, दीपकनं, सोय केली होती. गेल्या उन्हाळ्यात पाणी आटलं तेव्हा तो म्हाताऱ्यांना घेऊन उघड्या पडलेल्या गावात फिरला, मोबाईलवर एकेक जागा टिपली आणि ती फाईल निकिताला धाडली.

निकितानं लॅपटॉपवर ती उघडली, तर पडदाभर आकड्यांची गिचमिड. पोरीनं मागं कधीतरी अशीच फाईल नोटपॅडमध्ये उघडली होती आणि ‘नेहमी यातच’ म्हणून मशीनला सांगून मोकळी झाली होती. तिच्या हे ध्यानातही नव्हतं. सिंधुबाईनं आकड्यांकडं पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला. त्या दिवशी ती जेवली नाही.

पत्रिका छापायला दोघी इंदापुरात गेल्या, तेव्हा निकितानं लॅपटॉप बरोबर घेतला. पत्रिका छापणारी शगुफ्ता कॉम्प्युटरचीही जाणकार. तिनं फाईलवर राइट क्लिक केलं, नोटपॅडच्या जागी नकाशाचं ॲप निवडलं आणि आता नेहमी यातच उघड, असं मशीनला बजावलं.

“फाईल बिघडली नव्हती, आजी,” ती म्हणाली. “चिठ्ठी अडाण्याच्या हातात दिली तर त्यो काय वाचणार? आता वाचणाऱ्याच्या हातात दिलीया.”

पडद्यावर निळं पाणी पसरलं आणि पाण्यावर नावं उमटली. वेस. मारुती. थोरली चिंच. आड. एवढी वर्षं ज्याच्यासाठी डोळे गाळले, ते गाव त्या आकड्यांत जागच्या जागी बसून होतं. नीट विचारायचाच काय तो अवकाश होता. सिंधुबाईनं बोट आडावर ठेवलं आणि जरा डावीकडं सरकवलं.

“हितं आमचं दार,” ती म्हणाली.

निकितानं तिथं नवा ठिपका मांडला. नाव काय द्यायचं, ते तिनं विचारलं नाही. ‘आजीचं माहेर’ असं लिहिलं.

लग्नाच्या आधी दोघी भिगवणहून होडीत बसल्या. निकिताच्या मोबाईलवर तोच नकाशा होता, त्यावर होडीचा ठिपका हळूहळू पुढं चालला होता. भोवती सगळं पाणीच पाणी, खूण म्हणून एक काटकीसुद्धा नाही.

“आजी, वेस आली,” निकिता हळूच म्हणाली.

सिंधुबाईनं खाली पाण्यात पाहिलं. मग दोन्ही हातांनी डोक्यावरचा पदर उतरवून खांद्यावर घेतला, आणि मारुतीपुढं अक्षतांची मूठ उघडली.