भरलेली नळी

नळीत वायू भरून तिने झडप लावली आणि निर्वात टाकीतल्या झुल्यावर तेच चिमुकलं वजन पुन्हा सोडलं. झुला हलला, पण कमी. नळी रिकामी केली तेव्हा नेहमीसारखा हलला. पुन्हा भरली. पुन्हा कमी.

अंतराळयानातलं विजेवर चालणारं इंजिन मागे झोत सोडतं, त्याचा रेटा तळहातावर ठेवलेल्या कागदाच्या वजनाएवढा. इंजिन टांगून तो मोजायला हा झुला. त्याची पारख ती कायम नळी रिकामी असताना करत आली होती. इंजिन चाले तेव्हा मात्र त्याला वायू पुरवणारी ही नळी भरलेली असे. भरलेली नळी ताठ होऊन झुल्याला धरून ठेवत होती आणि रेटा होता त्याहून कमी दिसत होता.

त्याच कमी आकड्यावरून तिने भर सभेत म्हटलं होतं, "याच्यापेक्षा माझी फुंकर बरी!" सगळे खो खो हसले होते. इंजिन बनवणारी हसली नव्हती. ती तिची धाकटी नणंद.

घरच्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, हीच तिला धास्ती. दुसऱ्या कुणाचा आकडा एवढा पडला असता, तर तिने आधी झुला तपासला असता.

"मॅडम, चला," प्रमुखांनी दारातून हाक मारली. "आज सोक्षमोक्ष लावून टाकू. आपलं इंजिन की बाहेरचं."

बैठकीत त्यांनी विचारलं, "तुमचा आकडा कायम?"

तिने पेला उचलला, घोटभर पाणी घेतलं.

"कायम."

बाहेरचं इंजिन निवडलं गेलं. "घरचा आहेर म्हणतात तो हाच!" कुणीतरी म्हणालं. यावेळीही सगळे हसले.

ती कार्यशाळेत गेली तेव्हा नणंद आपलं इंजिन खोक्यात ठेवत होती, झोपलेल्या बाळाला ठेवावं तसं.

"ये वहिनी. जेवलीस का? चेहरा किती उतरलाय."

"माझा आकडा चुकला," ती म्हणाली. "नळीमुळे." आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

नणंद स्टुलावर टेकली.

"म्हणजे माझं इंजिन बरं होतं?"

"चांगलं होतं."

"आणि मी आईला सांगून बसले, हे काम माझ्या आवाक्यातलं नाही म्हणून. नोकरी सोडायला निघाले होते गं!" ती हसली, डोळे पुसले. मग हसू हळूहळू ओसरलं. "कळलं केव्हा तुला?"

'आत्ताच' हा शब्द ओठांवर आला होता. वहिनीने खोक्याची कड घट्ट धरली.

"बैठकीआधी."

 नणंद फडक्याने एकेक बोट पुसत राहिली. मग टेबलावरचा फोन ओढून तिने प्रमुखांचा नंबर लावला, घंटा वाजू दिली आणि रिसीव्हर वहिनीपुढे धरला.

"मला नको सांगूस."

तिने तो दोन्ही हातांनी घेतला.

"हॅलो?" पलीकडून प्रमुखांचा आवाज आला. "हॅलो, कोण बोलतंय?"