ब्रेक कापणारा मिस्त्री

चाळीस वर्षांपूर्वी गावात एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं. वाट चुकलेले प्रवासी आणि त्यांच्या गाड्यांचे ब्रेक कापून त्यांना दरीत धाडणारा मिस्त्री, असली भानगड. ठरलेला नट ऐनवेळी आजारी पडला, म्हणून गावातल्या खऱ्या मिस्त्रीलाच उभं केलं. सिनेमा आठवडाभरात आपटला. आपल्याला कधी कुणी ओळखलं नाही याची मिस्त्रीला खंत होती, उगाच खोटं कशाला बोला!

आणि आज ओळखलं, तेही भलत्याच वेळी.

भरदुपारी चाकात हवा भरायला एक गाडी थांबली. आत नवराबायको. मागच्या चाकापाशी ओला डाग दिसला म्हणून मिस्त्री वाकला आणि त्याने बोट लावून पाहिलं. ब्रेकचं तेल गळत होतं. आणि पुढे सात किलोमीटरचा घाट, सगळा उतार!

"ताई, ब्रेक बघावे लागतील. जरा किल्ली द्या."

बाईचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, हा तोच! नाकावरचा मस बघा! लहानपणी तो सिनेमा बघून मी आठवडाभर झोपले नव्हते!"

"काहीतरीच काय तुझं," नवरा म्हणाला, पण काच मात्र वर केली.

"अहो ताई, तो सिनेमा होता हो! इथे खरंच तेल गळतंय, खाली उतरून बघा तरी!"

"त्यातही उतरायलाच लावलं होतंस मेल्या! चला हो, काढा गाडी!"

नवऱ्याने किल्ली फिरवली. आता बोंबला! मिस्त्रीने देवाचं नाव घेतलं, पाना उचलला, मान तिरकी केली आणि तेच जुनं घोगरं हसू काढलं.

"जा, खुशाल जा. ब्रेक मी कधीच कापलेत."

दोघं गाडीतून उड्या मारून जे पळाले, ते थेट पोलीस चौकीत.

घटकाभरात हवालदार त्यांना घेऊन आला. ब्रेकवर पाय ठेवला, तर तो सरळ तळाला टेकला. मग खाली डोकावून म्हणाला, "कापलाय कुठला! पाइप गंजून फुटलाय. या माणसाने वाचवलं तुम्हाला."

नवऱ्याने मिस्त्रीपुढे हात जोडले. बाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माफ करा हो काका," ती म्हणाली. "त्यात तुम्ही शेवटी दरीत पडता ना, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या."

मिस्त्रीचे डोळे भरून आले.

"म्हणजे तुम्ही शेवटपर्यंत बघितलात?"