कातरलेला बेल

"बेल खुडताना त्रिदळ मोडू द्यायचं नाही, आणि त्या झाडाला लोखंड म्हणून लावायचं नाही," सासूबाई सांगत. आम्ही महादेवाचे गुरव. देवाला बेल वाहिल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही, हे व्रतही मला त्यांनीच दिलं.

बेल मात्र शेठच्या आवारात. मांडव्याजवळ त्यांच्या वडलांनी इटलीतल्यासारखा दगडी बंगला बांधला. कमानींच्या खिडक्या, चौकोनी मनोरा, उतरत्या हिरवळीवर संगमरवरी पुतळे. तेव्हाच आमचा बेल कुंपणात गेला. मला मागच्या दारानं आत सोडत, एवढंच.

एकतीस साली ज्येष्ठात मुंबईहून नवा माळी आला, शिवदास. त्यानं मेंदीबरोबर बेलही कात्रीनं चेंडूसारखा गोल कातरला. हाताशी येईल ते एक पान धड राहिलं नाही. मी शेठाणी केसरबाईंना सांगायला गेले. त्यांनी मला पायऱ्यांखालीच थांबवलं.

"बाग बघायला आहे. तुझ्या देवाला चरायला नाही."

माळी हसला. दुसऱ्या दिवसापासून मागच्या दाराला कुलूप. मग मी डोंगरावरच्या बेलाकडे जाऊ लागले. परत येईतो दुपार कलंडे. आमच्या ह्यांनी बंगल्याच्या दिशेनं थुंकायला सुरुवात केली.

श्रावणात एका रविवारी केसरबाई स्वतः देवळात आल्या. शेठ तापानं पडले होते. दुसऱ्या दिवशीचा अभिषेक बोललेला, आणि भटजींनी त्यांची कातरलेली पानं परत पाठवली होती. सोमवारी बेल तोडत नाहीत. हवा तो आजच.

"गुरविणी, अंधार पडायच्या आत टोपलीभर बेल आण."

"आणीन. पण आवारातल्या बेलाला पुन्हा कात्री लावू नये."

"मला अट घालतेस? नाही आणलास तर शिवदास उद्या तो मुळासकट काढील. तिथे पुतळा बसवायचाच आहे."

"आणला तर?"

"तर राहील. तू मात्र आत पाऊल टाकायचं नाही."

"आणते," मी गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर हात ठेवून म्हटलं.

त्या गेल्यावर हे म्हणाले, "बेलाला काटे असतात ना? तेवढे आण तिला."

मला हसू आलं नाही. राग आला नव्हता असं नाही. शेठ बरे व्हावेत असंही मनात धड येईना. पण झाड उभं राहायला हवं होतं. मी पदर खोचला, टोपली काखेला लावली आणि बंगल्याच्या भिंतीकडेनं डोंगराची वाट धरली.